नाव बदललं, पण फाइल तीच का?

टॅबलेटवर चित्रं काढणाऱ्यांच्या प्रश्नांचा गठ्ठा पुन्हा साचला आहे. शब्द निरनिराळे, घोळ एकच. गॅलरीत दिसतं ते चित्र, एक्सपोर्ट करून पाठवलेली फाइल आणि बॅकअप या तिन्ही गोष्टी एकच आहेत, असं धरून सगळे चालतात. बहुतेकांनी आयपॅडवरच्या प्रोक्रिएट या चित्रं काढायच्या अ‍ॅपबद्दल विचारलंय, म्हणून उत्तरंही त्यालाच धरून.

प्रश्न : गॅलरीत सगळ्या चित्रांखाली ‘अनटायटल्ड आर्टवर्क’ दिसतं. नाव कसं द्यायचं?

चित्राखालच्या अक्षरांवर बोट टेकवा, कीबोर्ड येईल, लिहा. चित्रावर टेकवलंत तर चित्रच उघडेल.

प्रश्न : वारंवार नाव बदललं की चित्राचा दर्जा उतरतो, असं एका ग्रुपवर वाचलं. खरं का?

नाही. दर्जा उतरतो तो जेपीजी उघडून, बदलून, पुन्हा जेपीजी म्हणून सेव्ह करत राहिल्याने. नावाचा त्यात काही दोष नाही.

प्रश्न : ‘.जेपीजी’ खोडून ‘.पीएनजी’ लिहिलं, तरी लोगोमागचा पांढरा चौकोन जात नाही.

जाणारच नाही. डब्यावरची चिठ्ठी बदलून आतली साखर मीठ होत नाही. मूळ चित्र उघडा, सगळ्यात खालचा बॅकग्राउंड कलरचा लेयर (चित्राचा थर) बंद करा आणि तिथूनच पीएनजी काढा.

प्रश्न : लोगोचे रंग बदलले, गॅलरीत नावही नवं दिलं. पण क्लायंटला दिलेल्या क्लाउड फोल्डरमध्ये अजून जुनंच नाव आणि जुनेच रंग. अ‍ॅप बिघडलं का?

अ‍ॅप ठीक आहे. एक्सपोर्ट म्हणजे त्या क्षणाची प्रत. ती बाहेर पडली की गॅलरीतल्या चित्राशी तिचं नातं तुटतं. तुम्ही नंतर काहीही केलंत तरी तिला पत्ता नसतो. उलट बाजूनेही तसंच. फोल्डरमधली प्रोक्रिएटची फाइल उघडलीत की तिची एक प्रत गॅलरीत येते, तुम्ही रंगवता ती प्रत, आणि फोल्डरमधली मूळ फाइल जशीच्या तशी पडून राहते. एकीने आठवडाभर अशा प्रतीवर काम केलं आणि शेवटी क्लायंटला फोल्डरमधली पहिली फाइल पाठवली.

तेव्हा नवी प्रत पाठवा. पण जुनी परस्पर पुसू नका. क्लायंटने ती छपाईला दिली असेल तर आधी त्यांना फोन करा.

प्रश्न : स्टॅकच्या, म्हणजे गॅलरीतल्या चित्रांच्या गठ्ठ्याच्या, आत आणखी स्टॅक करता येतो का?

नाही. एक पातळी मिळते, बाकीचं काम नावाने करायचं.

प्रश्न : नावं ठेवण्याची चांगली पद्धत कोणती? माझ्याकडे एकाच पोस्टरच्या ‘फायनल’, ‘फायनल २’ आणि ‘खरं फायनल’ अशा तीन फायली आहेत.

आणि छापायला कोणती गेली, ते तुम्हालाही आठवत नसणार. ‘फायनल’ हा शब्द फाइलच्या नावातून हद्दपार करा. आधी कामाचं नाव, मग वर्षापासून सुरू होणारी तारीख, मग दोन अंकी आवृत्ती : पोस्टर-2025-03-14-आ02. तारीख दिवसापासून लिहिलीत तर यादीत सगळे महिने एकमेकांत मिसळतात. तिरपी रेघ आणि विसर्गासारखे दोन टिंब नावात नकोत. देवनागरी नाव स्वतःपुरतं छान, पण जुन्या झिप प्रोग्राममध्ये त्याचं कडबोळं होऊ शकतं. छापखान्याला फाइल देणार असाल तर त्यांना कसं नाव चालतं ते विचारून घ्या.

लेयरलाही नावं द्या. पीएसडी, म्हणजे फोटोशॉपची फाइल, काढलीत तर ती नावं सोबत जातात, आणि पुढचा माणूस ‘लेयर ४७’ बघून तुमचा उद्धार करत नाही.

प्रश्न : साफसफाई करताना चुकून एक अख्खा स्टॅक डिलीट झाला. शंभर टक्के परत मिळवून देणारं सॉफ्टवेअर दिसतंय. घेऊ का?

घेऊ नका. हा प्रश्न आला की माझा तोल जातो, कारण माझी स्वतःची एक वर्षाची रेखाटनं अशीच गेली आहेत. प्रोक्रिएट डिलीट करताना एकदा विचारतं. ‘हो’ म्हटलंत की ते उलटवता येत नाही. फाइल्स अ‍ॅपमध्ये पुसलेली गोष्ट 30 दिवस ‘नुकतंच हटवलेलं’मध्ये राहते, म्हणून लोकांना वाटतं गॅलरीतलीही राहत असेल. आयपॅडवर प्रत्येक फाइल स्वतंत्र किल्लीने कूटबद्ध असते. फाइल पुसली की किल्लीही जाते. शिवाय एका अ‍ॅपला दुसऱ्या अ‍ॅपच्या घरात डोकावताही येत नाही. मग ते सॉफ्टवेअर आणणार कुठून? ते फार तर तुमच्याच जुन्या बॅकअपमधून फायली काढून दाखवतं आणि चमत्कार केल्याचे पैसे घेतं.

म्हणून आधी सेटिंग्जमध्ये आयक्लाउड बॅकअपची शेवटची तारीख बघा. ती डिलीट करण्याच्या आधीची असेल तर आशा आहे. पण आत्ताच वायफाय बंद करा. आयपॅड लॉक करून वायफायवर चार्जिंगला लावलात की नवा बॅकअप आपोआप घेतला जातो, आणि त्यात तो स्टॅक नसेल. आयक्लाउड बॅकअपमधून एकच फाइल उचलायची सोय आयपॅडवर नाही, पूर्ण आयपॅड पुसून परत भरावा लागतो. तेव्हा त्यानंतरचं काम आधी बाहेर काढा, आणि ‘इरेझ’ला बोट लावण्याआधी अ‍ॅपल कंपनीच्या अधिकृत मदत केंद्राशी बोला. पुतण्याला किंवा मित्राला विचारून हे करू नका.

प्रश्न : जागा संपली. अ‍ॅप काढून पुन्हा टाकलं की मोकळी होते म्हणतात.

होते, कारण चित्रंही जातात! ‘ऑफलोड’ केल्यास डेटा राहतो, ‘डिलीट’ केल्यास सगळं पुसलं जातं, आणि दोन्ही पर्याय एकमेकांच्या खालीच दिसतात. त्यापेक्षा चित्रासोबत साठत जाणारा टाइमलॅप्स, म्हणजे चित्र काढतानाचा वेगवान व्हिडिओ, बघा. पान्याचं (स्पॅनरचं) चिन्ह असलेल्या मेनूत व्हिडिओखाली रेकॉर्डिंग बंद केलंत की जुना व्हिडिओ काढून टाकायचा का, असं अ‍ॅप विचारतं. क्लायंटला तो लागणार नाही ना, एवढं आधी विचारा.

प्रश्न : उद्या आयपॅड दुरुस्तीला देतेय. सुमारे तीनशे चित्रं आहेत, बॅकअप कधीच घेतला नाही.

दुरुस्ती परवावर ढकला. गॅलरीत ‘सिलेक्ट’ करून वीस-वीस चित्रं निवडा, ‘शेअर’मधून प्रोक्रिएट फॉरमॅटमध्ये बाहेरच्या ड्राइव्हवर काढा. जेपीजी काढून समाधान मानू नका, त्यात लेयर नसतात. स्वतः बनवलेले ब्रश चित्रांच्या फायलीत येत नाहीत, ते वेगळे शेअर करा. मग ड्राइव्हवरच्या दोन-चार फायली परत उघडून लेयर मोजा. ते जुळल्यावर दुरुस्तीवाल्यांना विचारा, आयपॅड पुसावा लागणार आहे का.