मुलांचे पंधरा रुपये आधी बाजूला काढ

प्रिय बाय,

तुझं पत्र आणि सोबतची पिशवी, दोन्ही परवा पोचली. पिशवीवरचा मासा सुरेख आलाय. गंजिफेतल्या, म्हणजे हाताने रंगवलेल्या जुन्या पत्त्यांच्या खेळातल्या, मत्स्यावतारावरून तो तुला सुचला हे बघताक्षणी कळतं, पण शेपटीचा वळसा तुझाच.

पिशव्यांच्या नफ्यातले 20 टक्के गावच्या अभ्यासिकेला आणि कॉलेजात जाणाऱ्या पोरांना द्यायचे, असं तू लिहिलं आहेस. वाचून मन भरून आलं आणि लगेच काळजीही वाटली. कारण जवळजवळ हेच वाक्य एका वर्षी मी माझ्या लेबलवर छापलं होतं.

त्या वर्षी मे संपेपर्यंत विक्री बरी झाली. उरलेला माल मी पत्र्याच्या खोलीत रचून ठेवला. जुलैत गठ्ठे सोडले, तर प्रत्येक पिशवीच्या घडीवर मोहरीएवढे काळे ठिपके. धुऊन पाहिलं, ऊन पडायची वाट पाहिली, पण आपल्याकडच्या जुलैत ऊन कुठलं! तीनेकशे पिशव्या गेल्या आणि वर्षाचा नफाही गेला. नेमकी त्याच दिवसांत चार पोरांची कॉलेजची फी भरायची होती आणि त्यांच्या घरी मी शब्द देऊन बसले होते. एकीची आई दारातून माघारी फिरताना म्हणाली, "ऱ्हवांदे गो, बघुया फुडे." ती रागावली असती तर बरं झालं असतं.

म्हणून सांगते, मुलांचा वाटा नफ्यात ठेवू नकोस. कापड आणि शिलाईच्या हिशेबात जसा खर्च धरतेस, तसाच तो धर. तुझ्याच पिशवीचं बघू. कापड 60, शिलाई 40, रंग आणि छपाई 25, लेबल-बांधणी 10, तुझी मजुरी 40 (ही तू लावलीच नव्हतीस, लाव) आणि मुलांचे 15. झाले 190. तू किंमत 250 ठेवली आहेस. मालवणच्या दुकानात माल विक्रीवर ठेवलास आणि दुकानदाराने 25 टक्के घेतले, तर तुझ्या हातात एकशे साडेसत्याऐंशी येतात. म्हणजे अडीच रुपये पदरचे गेले! अशा वेळी माणूस पहिली कात्री मुलांच्या पंधरावर चालवतो, मीही चालवली आहे. किंमत 280 कर. दुकानदाराचे 70 गेले तरी 210 उरतील. पिशवी विकली गेली की त्याच संध्याकाळी 15 रुपये वेगळ्या खात्यात टाक आणि त्या खात्याचं कार्ड घरात ठेवू नकोस.

आता वेळेचं. आपला धंदा दिवाळी ते मे, मग गणपतीत चाकरमानी आले की थोडा. पोरांना पैसे लागतात जून-जुलैत, जेव्हा समुद्राकडे कुणी फिरकत नाही. हंगामात साठवलेलं पावसात द्यायचं आहे, हे डोक्यात पक्कं असू दे.

आणि काय द्यायचं ते आधी विचार. वह्या वाटायचं तुझ्या मनात आहे, पण वह्या सगळेच वाटतात. अभ्यासिकेत जाऊन चार दिवस नुसती बस. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास अहिल्याबाई होळकर योजनेत मोफत मिळतो. तेरावीला गेली की पास विकत घ्यावा लागतो आणि तिथेच कितीतरी मुली घरी बसतात. वहीच्या पैशांत असा एखादा पास निघत असेल तर तो काढ.

याहून मोठी मदत मात्र कामाची. सावंतवाडीच्या राजवाड्यात तिथल्या राजघराण्यातले शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी यांनी गंजिफा पुन्हा उभी केली, ती कारागिरांना बसायला जागा आणि हाताला काम देऊन. दशावतारी गंजिफेचा एक संच म्हणजे 10 अवतार, प्रत्येकाची 12 पानं, अशी 120 पानं. एकेक पान हाताने रंगवायचं म्हणजे किती हात लागत असतील बघ. तुझ्याकडेही दिवाळीआधी दोन हात कमी पडतात. अठरा पूर्ण झालेल्या पोरापोरींना बोलाव, किनार रंगवायला शिकव आणि शिकतानाही मजुरी दे. किनार चुकली तर ती पिशवी तू घरी वापर, तिचे पैसे कापू नकोस.

एका गोष्टीवर मात्र मी अडून बसणार. लेबलवर मुलांचा फोटो नको, नाव नको, "गरजू" हा शब्दही नको. त्याच पोरीला उद्या कुडाळच्या स्टँडवर कुणाच्या तरी खांद्याला आपला चेहरा लटकताना दिसेल. गिऱ्हाइकाने माशाकडे बघून पिशवी घ्यावी. मुलांचे 15 रुपये कुठे गेले ते वर्षाअखेरीस एका कागदावर लिहून दुकानात लाव, तेवढं पुरे. कुणी देणगीची पावती मागितली तर स्पष्ट सांग की आयकरात सवलत मिळवून देणारी 80जीची पावती मान्यता असलेली संस्थाच देऊ शकते, तू पिशव्या विकतेस. छोट्या धंद्याची उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नकोस.

माल ठेवायचा तर माळ्यावर, भिंतीपासून हातभर लांब, आणि खाली फळ्या घालून. कडुनिंबाचा पाला टाकतात काही जण, पण मला विचारशील तर वारा खेळता ठेवणं जास्त महत्त्वाचं.

गणपतीला आलीस की पाच-सहा पिशव्या घेऊन ये. बंद जिथे जोडलाय तिथली शिलाई मला कच्ची वाटली. मी परवा दोन नारळ घालून उचलून पाहिली, तर एक टाका उसवला. तिथे दुहेरी शिलाई घालावी लागेल, म्हणजे आणखी तीन-चार रुपये. ते हिशेबात धरून ये.

तुझी,
मावशी