राजहंस अंगावर धावतो? आधी ती पुडी बाजूला ठेवा

साकोली तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न: घरी नर-मादी राजहंसांची जोडी आहे. नर दीड वर्षाचा. पिल्लू असल्यापासून मुलीने त्याला हातावर वाढवला, घरातच झोपायचा. आता थंडी सुरू झाल्यापासून माणसांवर धावतो. सासूबाईंची पोटरी काळीनिळी केली, दूधवाला आवारात पाय ठेवत नाही. दुकानदाराने शांत होण्याची पावडर दिली आणि जंताचं औषध दुप्पट द्यायला सांगितलं. फरक नाही. डोस वाढवू का?

उत्तर: नाही. वाढवू तर नकाच, चालू आहे तेही आजच बंद करा.

ताई, तुमच्या नराला रोग झालेला नाही. तो वयात आला आहे आणि हा त्याचा विणीचा हंगाम आहे. राजहंसात अंड्यांवर मादी बसते आणि नर पहारा देतो. जवळ येईल त्याला हाकलणं हेच त्याचं काम. त्यात तुमचा नर माणसांत वाढलेला. त्याच्या लेखी घरातली माणसं हाच कळप, आणि कळपात आपला नंबर वरचा लागावा म्हणून तो भांडतो. लाडाने एकटं वाढवलेलं पिल्लू मोठेपणी जास्त अंगावर येतं, हे मी कितीतरी घरी पाहिलं आहे. कळपात वाढलेला नर माणसाला थोडा बिचकून असतो. हातावर वाढलेल्याला ती भीतीच नसते.

आता त्या औषधांचं. जंत झालेला पक्षी खंगतो, मलूल होतो. त्याच्यात माणसावर धावण्याची ताकद राहत नाही. मग धावणाऱ्या पक्ष्याला जंताचं औषध कशाला, तेही दुप्पट? दुकानात जे मिळतं त्यावरचा डोस कोंबडीसाठी असतो. राजहंस कोंबडीपेक्षा पुष्कळ जास्त पाणी पितो, म्हणून कोंबडीच्या हिशेबाने पाण्यात मिसळलेलं औषध त्याच्या पोटात जास्त जाऊ शकतं. त्यावर दुकानदाराचं ‘दुप्पट’. पुडीवर घटक लिहिलेले नसतील तर ती कोणत्याच जनावराला देऊ नका. माणसांच्या झोपेच्या गोळ्या चुरून देणारेही भेटले आहेत. मान टाकून पडलेला पक्षी शांत झालेला नसतो, तो मरायला टेकलेला असतो. आणि या दिवसांत मादीनेही तेच पाणी प्यायलं असेल, तर तिची अंडी खाऊ नका. औषधाचं वेष्टन घेऊन दवाखान्यात या, किती दिवस थांबायचं ते सांगतो.

रागावर औषध नाही. टॉनिक नाही, पावडर नाही, इंजेक्शन नाही. दुकानदार काहीही म्हणो.

करायचं काय ते ऐका. नर धावून येण्याआधी सांगून येतो. मान उंच ठेवून नुसता बघत असेल तर तो सावध आहे, एवढंच. मान जमिनीलगत ताणली, चोच उघडली, फुत्कार टाकला की पुढच्या क्षणी तो येणार. त्या वेळी पळायचं नाही आणि पाठ फिरवायची नाही. सासूबाईंना पोटरीलाच चावला, याचा अर्थ त्या वळल्या होत्या. एकदा माणूस पळाला की नर जिंकला, उद्या तो दुप्पट जोराने येईल. सरळ उभं राहा, दोन्ही हात बाजूला पसरा आणि एक-दोन पावलं त्याच्याच दिशेने टाका. तो मागे सरकून बाजूला झाला की तुम्हीही थांबा. लाथ मारू नका, झाडूने झोडपू नका. मारलेला नर घाबरत नाही, डूख धरतो.

एवढ्याने न ऐकणाऱ्या नरासाठी माझा भर एकाच गोष्टीवर असतो: काखेत धरणं. मागून जायचं, एका हाताने डोक्याच्या खाली मान धरायची, श्वासनळी दाबली जाणार नाही इतपत सैल. दुसरा हात पाठीवरून घालून दोन्ही पंख अंगाशी मिटवायचे आणि उचलून काखेत घ्यायचं. पंखाच्या वळणावर हाड असतं, त्याचा फटका मनगटावर बसला तर दिवसभर ठणकतं, म्हणून पंख आधी. पाय किंवा एकच पंख धरून उचलाल तर सांधा निखळेल. सुरुवातीला तो फडफडेल, ओरडेल. सोडू नका. मान सैल पडली, अंग ढिलं झालं की खाली वाकून हळूच जमिनीवर ठेवा, टाकून देऊ नका. रोज सकाळी एकदा, काही दिवस. ज्याच्यावर तो धावतो त्यानेच हे करायचं, कारण तो माणसं ओळखतो. तुम्ही धरलंत म्हणून तो दूधवाल्याला घाबरणार नाही. सासूबाईंनी आणि मुलांनी हे करू नये, चोच डोळ्याला लागली तर निस्तरता येत नाही.

वेळ चुकवू नका. दुपारच्या उन्हात पक्षी काखेत दाबून धरलात तर तो धापा टाकून मरेल. आणि मादी अंड्यांवर बसली असेल तर हे सगळं बंद. तो साधारण महिनाभराचा काळ नराशी झटापट करण्याचा नाहीच. तेवढे दिवस सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या मोकळ्या जागेत, तुराट्यांचं नाहीतर जाळीचं आवार घालून जोडी माणसांपासून वेगळी ठेवा, खाणंपाणी बाहेरून सरकवा, पोरांना तिकडे फिरकू देऊ नका.

मुलीला सांगा, हातावरून दाणे भरवणं बंद. दाणे भांड्यात टाकायचे आणि बाजूला व्हायचं. तिला हे जड जाईल, पण सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो. एरवी जोडीला धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, चरायला सोडा, मात्र तणनाशक फवारलेल्या धुऱ्यावर नाही.

नर एकाएकी चिडका झाला आणि सोबत लंगडतो, खात नाही, विष्ठा बिघडली, असं असेल तर मात्र दुखणं शोधावं लागेल. तळपाय उलटा करून बघा, गाठ किंवा फोड दिसला तर दवाखान्यात आणा. आणणं जमत नसेल तर १९६२ या पशुवैद्यकीय सेवेच्या नंबरवर फोन करा.

वरूडहून विचारणा आहे: राजहंस चावला तर रेबीजचं इंजेक्शन घ्यावं का? आणि चोचीचं टोक कापलं तर चालेल का?

रेबीज सस्तन प्राण्यांचा रोग आहे, पक्ष्याच्या चाव्याने होत नाही. जखम साबणाने धुवा, कातडी फाटली असेल तर धनुर्वाताच्या इंजेक्शनचं डॉक्टरांना विचारा. चोच कापू नका. राजहंस चोचीने गवत ओरबाडून खातो, टोक गेलं तर उपाशी राहील. पंखाची पिसं कापूनही राग जात नाही, तो पायानेच धावतो. हे दोन्ही सल्ले दुकानातूनच आलेले दिसतात.

राजहंसासाठी अनुदान आहे का, असंही दोघांनी विचारलं आहे. राष्ट्रीय पशुधन अभियानात ग्रामीण कुक्कुटपालनाला ५० टक्के, कमाल २५ लाखांपर्यंत अनुदान आहे, पण ते किमान १००० पक्ष्यांच्या प्रकल्पाला. घरच्या जोडीला नाही. आणि "जोडी घ्या, अनुदान मिळवून देतो" म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. नवेगाव बांधच्या बाजूला हिवाळ्यात उतरणारे पट्टकादंब (डोक्यावर काळे पट्टे असलेले रानहंस) पकडून विकायला आणणारा भेटला तर त्याच्यापासून चार हात लांब राहा. तो वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ खाली गुन्हा आहे, घेणाऱ्यावरही.