आयएस कोडचा आधार घेऊन रिपोर्ट लिहायला मुलांना कसं शिकवावं?

सिव्हिलच्या मुलांना आयएस कोड, म्हणजे भारतीय मानकं, वापरून तांत्रिक लेखन कसं शिकवायचं आणि कोणत्या वर्षापासून, असं तुम्ही विचारलंय. मी आरसीसी, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटचं, डिझाइन शिकवते आणि या विषयावर बरीच भांडलेय, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

"अॅज पर आयएस 456" (आयएस 456 म्हणजे काँक्रीट बांधकामाचा कोड) एवढं लिहून जो विद्यार्थी पुढे जातो, त्याने काहीही लिहिलेलं नसतं. परीक्षेत कोड जवळ ठेवता येतो, त्यामुळे टेबल शोधायची सवय मुलांना असते. आपली इमारत त्या टेबलच्या कोणत्या ओळीत बसते आणि का, हे मात्र चार वाक्यांत मांडता येत नाही. शिकवायचं आहे ते हेच.

आमच्या एका ग्रुपने शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला रत्नागिरीजवळची, समुद्राला अगदी लागून असलेली चार मजली इमारत घेतली होती. पहिल्या मसुद्यात एम 20 काँक्रीट (एम पुढचा आकडा म्हणजे काँक्रीटची ताकद, न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरमध्ये) आणि स्लॅबला 20 मिलिमीटर कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर. आकडे सीनियर्सच्या रिपोर्टमधून आलेले, आणि ती इमारत पुण्यातली. मी बाकी सगळं थांबवलं आणि सांगितलं, आयएस 456 मधलं टेबल 3 वाचा आणि या प्लॉटला कोणतं एक्स्पोजर, म्हणजे काँक्रीटला हवा-पाण्याचा किती त्रास, लागू होतं ते एका पानात लिहून आणा.

ते एक पान त्यांना फार जड गेलं, कारण कोड इथे आयतं उत्तर देत नाही. टेबलात एक्स्पोजर 'माइल्ड', 'मॉडरेट', 'सिव्हिअर' असं चढत जातं; किनारी भागाला 'माइल्ड' चालत नाही, हे स्पष्ट आहे. गच्ची, गॅलरी आणि बाहेरचे कॉलम 'सिव्हिअर', यावरही वाद नव्हता. पण आतल्या खोल्या? खाऱ्या हवेपासून आडोसा असेल तर 'मॉडरेट' म्हणता येतं. एका मुलीने लिहिलं की सगळ्या खिडक्या पश्चिमेला आहेत आणि वर्षभर उघड्या राहणार, त्यामुळे याला आडोसा म्हणता येणार नाही. दुसऱ्याने प्लॅस्टर आणि आतल्या भिंतींचा मुद्दा मांडला. दोघांचंही म्हणणं वाचण्यासारखं होतं. शेवटी सगळीकडे 'सिव्हिअर' धरायचं ठरलं आणि कारणही लिहिलं: साइटवर एकच ग्रेड असेल, तर ओतताना अदलाबदल होणार नाही.

मग पुढचं सगळं बदललं. कव्हर 45, काँक्रीट किमान एम 30, पाणी-सिमेंट गुणोत्तर जास्तीत जास्त 0.45, घनमीटरला किमान 320 किलो सिमेंट. 150 मिलिमीटरच्या स्लॅबमध्ये 10 मिलिमीटरची सळई घेतली, तर 20 कव्हरला प्रभावी खोली (स्लॅबच्या वरच्या कडेपासून सळईच्या मध्यापर्यंतचं अंतर) 125 मिळते, 45 कव्हरला 100. म्हणून स्लॅब 25 मिलिमीटरने जाड केला, की चौरस मीटरला 0.625 किलोन्यूटन वजन वाढलं, ते बीम-कॉलममधून थेट फुटिंगपर्यंत. पोरांनी सगळं गणित पुन्हा केलं, न कुरकुरता. त्या रिपोर्टचा मला आजही अभिमान आहे.

ओरलला एक्स्टर्नल सरांनी ते पान उलटलं आणि म्हणाले, "एवढं कशाला लिहिलंय? अॅज पर कोड म्हणायचं. मॉडेल दाखवा." मार्क बेताचेच पडले. नंतर आमच्या एचओडी सरांनी मलाच समजावलं की लेखन हा कम्युनिकेशन स्किल्सचा भाग आहे, आपला नाही. हे मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. त्या विषयात अर्ज आणि ईमेल शिकवतात. 'सिव्हिअर' की 'मॉडरेट' हे ज्याला ठरवता येत नाही, तो त्यावर लिहायला काय शिकवणार? मुंबईत 30 वर्षांवरच्या इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट सक्तीचं आहे. ऑडिट करणाऱ्याच्या हाती जुनी ड्रॉइंग लागली, तरी कव्हर तेवढंच का धरलं होतं हे त्यात नसतं. तो कागद लिहायचं काम डिझाइन करणाऱ्याचंच आहे.

आता वर्षाचं. दुसऱ्या वर्षी काँक्रीट लॅबमध्येच सुरुवात करा. तीन क्यूब, म्हणजे चाचणीचे काँक्रीटचे ठोकळे, 24, 25 आणि 31 न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरला फुटले असे आकडे द्या. बहुतेक जण सरासरी 26.67 काढून "एम 20 पास" लिहितील. कोड म्हणतो, एकही क्यूब सरासरीपासून 15 टक्क्यांहून जास्त लांब नको, आणि 31 तर 16 टक्क्यांच्या वर जातो. म्हणजे हा निकालच ग्राह्य नाही. हे पाच ओळींत, क्लॉजसकट (कोडमधल्या कलमाच्या क्रमांकासकट) लिहून घ्या. डिझाइन रिपोर्ट तिसऱ्या वर्षी.

कोडचं वर्ष लिहायची सक्ती करा. भिंतीत लपणारा 230 मिलिमीटरचा कॉलम आपल्याकडे सर्रास वापरतात. पण आयएस 13920 या भूकंपासाठीच्या कोडच्या 2016 च्या आवृत्तीत कॉलमची किमान बाजू 300 आहे, आणि पुणे भूकंपाच्या झोन 3 मध्ये असल्याने तिथे तो कोड लागू होतो. कॉलेजातल्या जुन्या झेरॉक्सवर विसंबलेल्या मुलाला हे कळणारच नाही. भारतीय मानक ब्युरोच्या साइटवर नोंदणी केली की मानकं आता फुकट मिळतात, दुरुस्त्यांसकट उतरवून घ्यायला लावा.

मात्र प्रत्येक क्लॉजवर पानभर लिहायला लावू नका, मुलं कंटाळतील आणि कॉपी करतील. एका रिपोर्टमध्ये तीन-चार निर्णय पुरे. हे सगळं मी सिव्हिलपुरतं सांगतेय. आणि या लेखनाचे मार्क सत्राच्या सुरुवातीलाच विभागाकडून लेखी ठरवून घ्या, म्हणजे ओरलला कुणी "मॉडेल दाखवा" म्हणून ते पान उलटलं तरी मुलांचे मार्क जाणार नाहीत.