ईस्टरच्या पहाटे रडलं तर साक्ष बिघडते का?

वाचक विचारतात, सिस्टर उत्तर देतात

प्रश्न : सिस्टर, सप्रेम सलाम. मी श्रीरामपूर तालुक्यातला. वय 47. आमच्या चर्चच्या मंडळीत गेली अठरा वर्षं पेटी वाजवतो. माझी पत्नी क्वायरमध्ये गायची. दोन वर्षं तिचं डायलिसिस चाललं आणि 13 डिसेंबरला ती गेली. नाताळात मी घराबाहेर पडलो नाही, ते सगळ्यांनी समजून घेतलं. आता 5 एप्रिलला ईस्टर आहे. चर्चचा कारभार बघणाऱ्या पास्टरेट कमिटीचा निरोप आलाय की पहाटेच्या उपासनेला पेटीवर तुम्हीच बसा, विजयाचा दिवस आहे, मन घट्ट करा. दर रविवारी कोणीतरी गाठून सांगतं, "रडू नका, त्या प्रभूजवळ आहेत. तुम्हीच असं केलंत तर लोकांपुढे आपल्या विश्वासाची साक्ष काय राहील?" सिस्टर, पुनरुत्थानावर माझा विश्वास आहे. ती मला पुन्हा भेटेल हे मी मनापासून मानतो. पण संध्याकाळी दार उघडलं की "अहो, आलात का" म्हणणारं कोणी नाही. माझी मुलगी नऊ वर्षांची. परवा म्हणाली, "पप्पा, मम्मी येशूकडे आहे, बरी झाली, असं तुम्हीच म्हणता ना? मग तुम्ही रडता का?" मला उत्तर देता आलं नाही. रात्री कधीकधी वाटतं, आपणही तिच्याकडे निघून जावं. कबरीच्या दगडावर कोणतं वचन घालावं, तेही ठरत नाही. काय करू?

उत्तर : भाऊ, सलाम. तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी ते तीनदा वाचलं. तुमचं एक वाक्य इतर वाक्यांच्या मधे दडून बसलंय, आधी त्याचं बोलते. "आपणही तिच्याकडे निघून जावं." जोडीदार गेल्यावर असं मनात येऊन जातं आणि त्यात पाप झालं असं मानून कुढत बसू नका. पण मी चौतीस वर्षं मिशनच्या दवाखान्यात नर्स होते, त्यातली निम्मी रात्रपाळीत. येऊन जाणारा विचार वेगळा आणि मुक्कामाला येणारा वेगळा, हे मी पाहिलंय. तो रोज येत असेल, झोप तुटली असेल, जेवण जात नसेल, तर आजच भावाला नाहीतर पाळकसाहेबांना स्पष्ट शब्दांत सांगा आणि डॉक्टरांना दाखवा. सरकारची टेलीमानस म्हणून सेवा आहे, 14416 हा नंबर. रात्री दोनलाही फोन उचलतात, पैसे पडत नाहीत. प्रार्थनाही करा आणि फोनही करा. तापाला आपण दोन्ही करतोच ना?

आता मुलीचा प्रश्न. भाऊ, त्या लेकराने मोठ्या-मोठ्या धर्मगुरूंना पडावा असा प्रश्न विचारलाय. तिला योहानाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय वाचून दाखवा. लाजर मरून चार दिवस झालेत. येशूला ठाऊक आहे की आता तो हाक मारणार आणि लाजर कबरेतून बाहेर येणार. पुढची दहा मिनिटं ज्याला माहीत आहेत, त्याच्याबद्दल तिथे लिहिलंय : "येशू रडला." शेवट चांगला आहे हे माहीत असलेला माणूसही रडतो, कारण समोर लाजराची बहीण मरिया रडतेय, तिच्याबरोबर आलेले लोक रडताहेत, मित्र अंधारात पडलाय. मुलीला इतकंच म्हणा, "मम्मी बरी नाही म्हणून मी रडत नाही गं. मम्मी इथे नाही म्हणून रडतो." तिला ते कळेल. आणि तिला रडायचं असेल, तर पप्पांसमोर रडता येतं हेही त्याच वेळी कळेल.

"साक्ष बिघडते" हे वाक्य मी चांगलं ओळखते. मलाही ते कोणीतरी ऐकवलं होतं. माझा थोरला मुलगा 1998 साली अपघातात गेला, बावीस वर्षांचा होता. शनिवारी गेला आणि दुसऱ्या दिवशी, झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, त्याला मातीत ठेवला. सकाळच्या उपासनेतल्या झावळ्या काही जणांच्या हातात तशाच होत्या. कबरस्तानाच्या फाटकाशी एका जबाबदार माणसाने माझ्या कानात सांगितलं, "सिस्टर, आवरा. साक्ष जाते." मी आवरलं. इतकं आवरलं की पुढचे सहा दिवस मला पाणी गिळताना घसा दुखायचा. त्या माणसाचा हेतू वाईट नव्हता. शोकाला तो घाबरला होता, आणि घाबरलेला माणूस हाताला येईल ते वचन समोर धरतो. थेस्सलनीकाच्या मंडळीला प्रेषित पौलाने लिहिलेलं वचन असंच अर्धं धरलं जातं. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा खेद करू नका, असं पौल म्हणतो. खेदच करू नका, असं तो म्हणत नाही. आशा असलेल्या माणसाचाही एक खेद असतो आणि तुम्ही सध्या तोच करताय.

त्या ईस्टरला मी चर्चला गेले नाही. पहाटे प्रभातफेरी आमच्या गल्लीत आली. दरवर्षी ढोलकीवर गात यायची. आमच्या घराजवळ आल्यावर ढोलकी थांबली आणि सगळे चपलांचा आवाज न करता पुढे गेले. त्यांनी दयेपोटीच केलं असेल, पण माझं घर ईस्टरमधून वगळलं गेलं असं मला वाटलं. त्या घोळक्यातून एक म्हातारी मागे राहिली. लिहितावाचता न येणारी बाई, मोलमजुरी केलेली. ती आत आली, काही न बोलता स्टोव्ह पेटवला, चहाचं आधण ठेवलं. मग डब्यात चमचा घालून माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "लेकरू चहात साखर किती घ्यायचं गं?"

आठ दिवसांत त्याच्याबद्दल कोणी काही विचारलंच नव्हतं. सगळे सांगत होते. मी म्हटलं, "चार चमचे. मी ओरडायची त्याला." आणि मग मला जे रडू फुटलं ते फुटलं. ती बाई चहा उकळू देत, माझ्या गुडघ्यावर हात ठेवून बसून राहिली. बाहेर उजाडत होतं. लांब चर्चच्या बाजूने पुन्हा ढोलकी ऐकू येत होती.

तेव्हापासून मी योहानाचा विसावा अध्याय वेगळा वाचते. पहिल्या ईस्टरला पहाटे कबरेकडे गाणी म्हणत कोणी आलं नव्हतं. मार्क सांगतो की त्या बायका सुगंधी द्रव्यं घेऊन येशूच्या प्रेताला लावायला निघाल्या होत्या आणि वाटेत त्यांचं बोलणं काय, तर तो धोंडा लोटणार कोण. नर्स म्हणून सांगते, हे काम माझ्या हातांना माहीत आहे. रात्री वॉर्डात कोणी गेलं की कोमट पाणी, कापूस, हनुवटीला बांधायची पट्टी, पायाचे अंगठे जुळवायला गॉजचा तुकडा. त्या वेळी मनात आशा-बिशा काही नसते, हात आपलं काम करत असतात. मेलेल्या माणसावरचं ते शेवटचं प्रेम. प्रभूच्या पुनरुत्थानाची बातमी पहिल्यांदा मिळाली ती असं काम करायला निघालेल्या, रडून डोळे सुजलेल्या बायकांना. म्हणून योहानाने लिहिलेली एक बारीकशी गोष्ट मला फार जवळची वाटते : डोक्याला गुंडाळलेला रुमाल तागाच्या वस्त्रांबरोबर पडलेला नव्हता, वेगळा, एका बाजूला गुंडाळून ठेवलेला होता. प्रेताला मी जे बांधते, ते कोणीतरी सोडून नीट बाजूला ठेवलंय. रात्रपाळीत हे आठवलं की माझे हात थोडे हलके व्हायचे.

आणि मरिया मग्दालिया. ती कबरेशी उभी राहून रडतेय, तिला प्रभू माळी वाटतो. तो तिला रडू नकोस म्हणत नाही. विचारतो, "बाई, का रडतेस? कोणाला शोधतेस?" अम्माऊसच्या वाटेवरही तसंच. दोघं जण तोंडं उतरवून चाललेत, हा त्यांना गाठतो आणि विचारतो, तुम्ही काय बोलत चाललात? खरं तर एका वाक्यात त्यांचं दुःख संपवता आलं असतं त्याला. पण त्याने त्यांना आधी त्यांची सगळी कहाणी सांगू दिली, "आम्ही आशा धरली होती" इथपर्यंत. उठलेला प्रभू आधी विचारतो आणि ऐकून घेतो. ओळख नंतर देतो. आपल्या मंडळ्यांनी नेमकं हेच उलटं करून ठेवलंय आणि मला त्याचा मनापासून राग येतो.

मरियेने त्याला ओळखलं ते कशाने? त्याने नुसतं तिचं नाव घेतलं, "मरिये." तुमच्या पत्रातलं "अहो" वाचलं तेव्हा मला हेच आठवलं. आपल्याकडे बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, "अहो" हेच तुमचं नाव होतं, जगात एकाच माणसाच्या तोंडून येणारं. ते ऐकायला येत नाही म्हणून घर सुनं वाटतं. त्याला अविश्वास म्हणायचं काही कारण नाही.

यंदाच्या ईस्टरबद्दल एक गोष्ट तुम्हाला सांगायचीच होती. 5 एप्रिल हा पंडिता रमाबाईंच्या मृत्यूचा दिवस. 1922 साली त्या केडगावात वारल्या तेव्हा ईस्टर अकरा दिवसांवर होता. त्या बाईने दुष्काळात आई, वडील, बहीण गमावली, 1880 साली भाऊ, 1882 साली नवरा, तोही लग्नाला पुरती दोन वर्षं व्हायच्या आत. आणि जुलै 1921 मध्ये एकुलती एक लेक मनोरमा. मूळ इब्री म्हणजे हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणायचं काम त्या तेव्हाही करत होत्या. मला नेहमी वाटतं, "बाई, का रडतेस?" हे शब्द मराठीत लिहिताना रमाबाईंना त्याचं उत्तर कुठे शोधावं लागलं नसेल.

आता पेटीचं. नाही वाजवली तरी चालेल. पास्टरेट कमिटीला दोन ओळींची चिठ्ठी पाठवा : यंदा मला जमणार नाही, दुसऱ्या कोणाला बसवा. कारण लिहायची गरज नाही. पण उपासनेला जा. मुलीला घेऊन, शेवटच्या बाकावर, दाराजवळ बसा, म्हणजे उठून बाहेर जावंसं वाटलं तर कोणाच्या पायांवरून जावं लागणार नाही. गीत गळ्यातून निघालं नाही तर गप्प राहा, शेजारच्यांना गाऊ द्या. कफर्णहूमात छप्पर उसवून चौघांनी त्या पक्षाघाती माणसाला खाली सोडलं, तेव्हा प्रभूने त्यांचा विश्वास पाहिला असं मार्क लिहितो. बाजेवरच्या माणसाने तोंडातून एक शब्द काढलेला नाही. मंडळी असते ती अशा वर्षांसाठीच. एखाद्या वर्षी माणसाने बाजेवर पडून राहावं. शुभ शुक्रवारी, प्रभूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांच्या उपासनेत, पेटीजवळ जावंसं वाटलं तर जा. शुक्रवारची गीतं कदाचित हाताला जमतील.

रविवारी पहाटे उपासनेच्या आधी मुलीला कबरीवर न्या. घरात मोगरा असेल तर मोगरा, नसेल तर दारातलं काहीही. एक तांब्या पाणी. ईस्टर पौर्णिमेनंतरच्याच रविवारी येतो, त्यामुळे त्या पहाटे आकाशात चंद्र असतोच. टॉर्च लागत नाही. मी दरवर्षी जाते आणि अजून रडते, सत्तावीस वर्षं झाली. उठलेल्या प्रभूच्या हातावरचे खिळ्यांचे व्रण गेले नव्हते, थोमा या शिष्याला ते दाखवता आले. माझे कसे जातील? तिथे मुलीला तिच्या आईबद्दल काहीतरी विचारा. मम्मी कोणतं गीत चुकवायची, वेणी कशी घालायची, तुला कुठल्या नावाने हाक मारायची. तुम्ही आधी विचारा, मग ती बोलेल.

राहिलं दगडावरचं वचन. त्याची घाई करू नका, कोणी मागे लागलं तरी. डिसेंबरची माती आहे, पहिल्या पावसाळ्यात खचणार. आत्ता दगड बसवलात तर भादव्यापर्यंत एका अंगाला कलेल. मृग पडू द्या, पाणी मुरू द्या, माती बसू द्या. तोवर लाकडी क्रूस पुरे, त्यावर नुसतं तिचं नाव ठेवा. दगडाचं दिवाळीच्या सुमाराला बघा, आणि वचन मुलीला निवडू द्या.