लहान मुलांचं अपहरण आणि खून केल्याबद्दल दोषी ठरलेल्या गावित बहिणींची फाशी रद्द झाली, म्हणजे त्या निर्दोष ठरल्या का?

नाही, दोषसिद्धी कायम आहे. फक्त फाशीची जन्मठेप झाली. कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने २००१ मध्ये दिलेली फाशी सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये कायम केली. पण दयेचा अर्ज जवळपास आठ वर्षं सरकारदरबारी पडून राहिला आणि २०१४ मध्ये फेटाळला गेला. इतका काळ कुणालाही मरणाच्या टांगणीला ठेवणं घटनेच्या कलम २१ (जगण्याचा हक्क) विरुद्ध आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने शत्रुघ्न चौहान खटल्यात सांगितलंय. त्याच आधारावर मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये शिक्षा बदलली. ज्यांची लेकरं गेली त्यांना हे पचणार नाही. माझ्या मते चीड यावी ती दिरंगाईची. मात्र उशीर कैद्यानेच केला असेल, तर हा मुद्दा चालत नाही.