कर्ण जागलीला जातो तेव्हा

वाचकांचे प्रश्न, ताईची उत्तरं

प्रश्न : ताई नमस्कार, मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहते, बीएससी झालं, सध्या घरीच आहे. दोन वर्षांपासून मोबाईलवर कर्णाची फॅनफिक लिहिते, म्हणजे त्याच्यावर स्वतःच्या मनानं रचलेली गोष्ट. माझ्या गोष्टीत युद्धाच्या १७ व्या दिवशी जमिनीत रुतलेलं रथाचं चाक बाहेर निघतं, कर्ण वाचतो, युद्ध थांबतं आणि तो बायकोला, वृषालीला घेऊन नदीकाठच्या एका गावात राहायला जातो. आता शेवटचे आठ-दहा भाग राहिले, त्यात मला फक्त त्यांचं घर दाखवायचंय, तो लसूण सोलतो, ती हसते, पोरगं मांडीवर झोपतं, असं. माझी मैत्रीण पहिल्या भागापासून वाचते, ती म्हणते हे काय गं, सूर्यपुत्राला चुलीसमोर बसवलंस, बोअर मारते, त्यापेक्षा मेलेलाच बरा होता. आईला विचारलं तर ती म्हणे, कायले मारतं त्याले, आधीच का कमी भोगलं त्यानं. मी काय करू? नाव छापू नका, बाबांना माहीत नाही.

उत्तर : तुझ्या आईला आधी माझा नमस्कार सांग, अर्धं उत्तर तिनंच देऊन टाकलं. पण मैत्रिणीवर रागावू नको, ती चुलीला नाही तुझ्या लसणाला कंटाळलीये, कारण तो लसूण कोणीही सोलू शकतं. कर्णाचं नाव खोडून तिथं शेजारच्या काकांचं टाकलं तरी तुझा भाग तसाच्या तसा चालेल, खरं की नाही?

व्यासांनी पण योद्ध्यांना घरकामाला लावलंच होतं की. विराटाकडे भीम बल्लव होऊन वर्षभर रांधत होता, अर्जुन विराटाच्या मुलीला, उत्तरेला नाच शिकवत होता. पण पळी हातात घेतलेला भीमही भीमच, कीचकाचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे.

आता कर्णाचं बघ, त्याचा जो सगळ्यात मोठा गुण तोच संसारातला सगळ्यात मोठा वांधा. पूजेच्या वेळी जो येऊन मागेल त्याला नाही म्हणायचं नाही, अंगाची कवचकुंडलं कापून दिली बाप्पा त्यानं. असा माणूस नवरा म्हणून घरात आणून बघ. मृग लागलाय, वृषालीनं पेरणीचं ज्वारीचं बियाणं राख कालवून मडक्यात राखून ठेवलंय आणि हा पहाटे नदीवर कोणाला तरी हो म्हणून आलाय. मग ती काय करते? भांडते? मडकं लपवते? का दुसऱ्या दिवशी पहाटे सगळ्यांच्या आधी स्वतःच नदीवर जाऊन त्याच्यासमोर ओंजळ धरून उभी राहते आणि मागते, की ते बियाणं मला द्या? हा प्रसंग तुला देऊन टाकला, माझं नाव नको टाकू.

आणि एक विचारते. वृषसेन, त्याचा मुलगा, महाभारतात त्याच १७ व्या दिवशी बापाच्या डोळ्यांदेखत अर्जुनाच्या हातून जातो. चाक निघालं ते त्याच्या नंतर. मग तुझ्या गोष्टीत तो वाचलाय का? नसेल तर त्या घरात रोज एक ताट कमी लागतं आणि तुझ्या दहा भागांच्या आराखड्यात ते ताट मला कुठंच दिसलं नाही. वृषाली नुसती हसत असेल तर मला तिची काळजी वाटते.

आमचे काका फौजेतून पेन्शनवर घरी आले तेव्हा मी आठवीत होते. रात्री झोपताना चपला खाटेखाली दाराकडे तोंड करून ठेवायचे, अंधारात पाय टाकला की थेट बाहेर. काकू त्या भिंतीशी नेऊन ठेवायची, पहाटे बघावं तर परत दाराकडे. कोणी कोणाला काही म्हणायचं नाही, वर्षानुवर्षं हेच. झोप तर त्यांना यायचीच नाही. हरभऱ्याला ओलित करायचं तर विजेची लाईन रात्रीची, सगळं गाव शिव्या देत वावरात जायचं आणि काका एकटे खुश. रानडुकरांसाठी जागलीला, म्हणजे रात्रीच्या राखणीला तर दुसऱ्याच्या वावरात पण जायचे, टॉर्च, काठी, फडक्यात भाकर न ठेचा, रात्रभर माचावर बसून राहायचे. उजाडल्यावर घरी आले की अंगणात बाजेवर आडवे व्हायचे आणि आम्ही पोट्टे आजूबाजूला बोंबलत खेळत असताना त्यांना अशी गाढ झोप लागायची की विचारू नको. काकू म्हणायची, यांना कल्ल्यातच झोप येते.

तुझ्या कर्णाला जागलीला पाठव, धनुष्य घेऊन.

गोड शेवट म्हणजे पोरकटपणा असं कोणी म्हटलं तर त्यांना आपला भवभूती दाखवायचा, संस्कृत नाटककार. आपला म्हणजे खरंच आपला, नाटकाच्या प्रस्तावनेत तो आपलं गाव विदर्भातलं पद्मपूर सांगतो आणि अभ्यासक ते गोंदिया जिल्ह्यातलं आमगावजवळचं पदमपूर धरतात. रामायणात शेवटी सीता धरणीत जाते. या माणसानं ८ व्या शतकात उत्तररामचरित लिहिलं आणि सातव्या अंकात रामसीतेची भेट घालून दिली, म्हणजे मूळ गोष्टीतलं दुःख दुरुस्त करायचं, तुम्ही पोरी ज्याला फिक्स-इट म्हणता तेच की नाही? पहिल्या अंकात तर चक्क फ्लफ आहे, नुसता गोड गोड संसार, गरोदर सीता आणि राम आपल्याच जुन्या दिवसांची चित्रं बघतायत, मग ती दमून त्याच्या हातावर डोकं ठेवून झोपते. आणि त्याच अंकात तो तिला सोडतो. मग बारा वर्षं. तिसऱ्या अंकात ती जवळ उभी आहे, त्याला दिसत नाही, फक्त तिचा हात लागतो तेवढा कळतो. इतकं रडवल्यावर त्यानं भेट दिलीये, म्हणून कोणी त्याला बोअर म्हणत नाही. तू पण दहातले सहा भाग तरी रडव, मग खुशाल लसूण सोलू दे त्याला. फक्त सोलताना बोटं कशी चालतात ते लिही, प्रत्यंचेचे घट्टे पडलेली बोटं आहेत ती.

बाबांना सांगायचं का नाही ते तुझं तू बघ.

प्रश्न : मी शेरलॉक होम्सवर मराठीत लिहितो, त्याचं लग्न लावून द्यावं म्हणतो. चालेल का? (एक वाचक, मोर्शी)

उत्तर : भाऊ, मूळ लेखकाचीच परवानगी आहे. होम्सवर नाटक करणाऱ्या विल्यम जिलेटनं कॉनन डॉयलला तार करून हेच विचारलं होतं, तर उत्तर आलं की लग्न लावा, मारून टाका, काय वाटेल ते करा. डॉयलनं स्वतः १८९३ मध्ये त्याला धबधब्याजवळ संपवला, मग वाचक ऐकेनात म्हणून परत आणला आणि म्हातारपणी ससेक्सला मधमाशा पाळायला बसवला. मला तर लग्नापेक्षा हे जास्त आवडतं. तुम्ही मोर्शीचे, त्याला संत्र्याच्या बागेत आणा ना, आंबिया बहार फुलला की माशांना काही कमी नाही. फक्त शेजारच्या बागेत फवारणी असेल त्या दिवशी मधमाशांच्या पेट्या झाकून ठेव म्हणा, नाहीतर सकाळी सगळ्या माशा खाली पडलेल्या सापडतील आणि तो भिंग घेऊन तपासाला निघेल.