अंतर भागिले वेग : हिशेब का चुकतो?

प्रश्न : मुंबई-दिल्ली हवाई अंतर १,१४० किमीच्या आसपास दाखवतात. ताशी ८५० किमी वेगाने हे सव्वा-दीड तासाचं काम. मग तिकिटावर सव्वादोन तास का?

उत्तर : अंतर बरोबर आहे, घरीही पडताळता येतं. मुंबई विमानतळ १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व, दिल्ली २८.५६, ७७.१०. अक्षांशांतला फरक ९.४७ अंश, एका अंशाला १११ किमी, म्हणजे १,०५१ किमी. रेखांश उत्तरेकडे जवळ येत जातात, म्हणून तिथे १११ धरू नका. चूक नेमकी इथेच होते. मधल्या २३.८ अक्षांशावर एक अंश १०२ किमीचा, त्यामुळे ४.२३ अंशांचे ४३१ किमी. काटकोन त्रिकोणाचा कर्ण काढा : १,१३६ किमी.

गडबड वेळेत आहे. तिकिटावरची वेळ उड्डाणाची नसते. गेटवरून विमान मागे ढकललं की घड्याळ सुरू, दिल्लीत गेटला लागलं की बंद. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते आणि रांग लागते. त्यात वीसेक मिनिटं सहज जातात. उतरल्यावर गेटपर्यंत आणखी दहा.

हवेतही ८५० चा वेग मधल्या टप्प्यातच मिळतो. १०,००० फुटांखाली २५० नॉटची, म्हणजे ताशी ४६३ किमीची मर्यादा असते. ३५,००० फुटांवरून उतरायला साधारण २०० किमी आधीच सुरुवात करावी लागते. शिवाय मार्ग सरळ नसतो. ठरलेल्या बिंदूंवरूनच जावं लागतं, आणि धावपट्टीसमोर यायला वळसा पडतो. वर कंपन्या गर्दीसाठी थोडी मिनिटं राखून ठेवतात. म्हणूनच उशिरा सुटलेलं विमान कधी कधी वेळेवर पोहोचतं.

प्रश्न : मुंबईहून लंडनला जायला जास्त वेळ, परतताना कमी. असं का?

उत्तर : वारा. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह वाहतो. अंतर सुमारे ७,२०० किमी, विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० धरा. सरासरी फक्त ४० किमीचा वारा असला तरी जाताना जमिनीवरचा वेग ८६०, येताना ९४०. फरक पाऊण तासाच्या जवळ जातो, आणि हिवाळ्यात वारा याहून जोरदार असतो. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना हवाई हद्द बंद केल्यावर त्यांना वळसाही पडू लागला. दिल्लीच्या विमानांना जास्त, मुंबईच्या विमानांना कमी.

तिकीट वाचताना एक सांभाळा : दोन्ही वेळा स्थानिक असतात. दुपारी १:३० ला निघून संध्याकाळी ६:३० ला लंडन, म्हणजे पाच तास नव्हेत. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत त्यात साडेचार तास मिळवा, एरवी साडेपाच. उन्हाळ्यात हा प्रवास साडेनऊ तासांचा झाला.